तिसरा वकील

साक्षीदारानें आरोपीच्या समोर उभें राहून बोलावें आणि आरोपीनें त्याची उलटतपासणी करावी, हा इंग्रजी न्यायपद्धतीचा जुना दंडक आहे. १६०३ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत सर वॉल्टर रॅलेनें, आपल्याविरुद्ध जबानी देणाऱ्या लॉर्ड कॉबमला समोर आणा, अशी परोपरीनें मागणी केली. ती मान्य झाली नाहीं, आणि रॅले दोषी ठरला. पुढील पिढ्यांनीं तो खटला अन्यायाचा नमुना म्हणूनच स्मरणांत ठेविला.

परंतु नांव उघड होतांच साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल तर? न्यूझीलंडमध्यें हा प्रश्न निकरास आला. १९८६ सालीं ह्यूज खटल्यांत तेथील अपील-न्यायालयानें वेषांतर केलेल्या पोलिसासही नांव लपविण्याची मुभा नाकारली. ती पुढें विधिमंडळानें दिली. १९९७ सालीं हाइन्स खटल्यांत सामान्य साक्षीदारांसाठीं तशी मुभा देण्यास न्यायालय राजी झालें नाहीं. तेव्हां त्याच वर्षीं कायदा झाला.

या कायद्यांतील एक योजना आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. नांव गुप्त ठेवण्याच्या अर्जाचा विचार चालतो, तेव्हां साक्षीदार कोण हें आरोपीला कळूं द्यावयाचें नसतें. मग त्याच्या विश्वासार्हतेविषयीं प्रश्न विचारणार कोण? यासाठीं न्यायाधीशाला एक स्वतंत्र वकील मदतीस नेमतां येतो. २००६ च्या पुराव्याच्या कायद्यानेंही ही तरतूद राखली. इंग्लंडांत २००८ च्या जूनमध्यें डेव्हिस खटल्यांत उमराव-सभेनें निनावी साक्षींवर उभारलेली शिक्षा टिकूं दिली नाहीं, तेव्हां पार्लमेंटानें पांच आठवड्यांच्या आंत निनावी साक्षीचा कायदा केला. घाई कोणत्या बाजूची होती, हें सांगणें नको.

तथापि तिसऱ्या वकिलाची मर्यादाही आम्हीं विसरूं नये. त्याला नांव कळतें, परंतु त्या नांवामागें एखादें जुनें वैर, बुडालेलें कर्ज वा भाऊबंदकी दडली आहे कीं काय, हें कळत नाहीं. आरोपीला तें वैर ठाऊक असतें, परंतु नांव कळत नाहीं. ही दोन अर्धीं ज्ञानें एकत्र आल्यावांचून उलटतपासणी पुरी होत नाहीं. म्हणून हा वकील आरोपीच्या हक्काचा मोबदला नव्हे. परंतु ज्या दालनांत आरोपीला प्रवेश नाहीं, तेथें शंका काढणारा निदान एक तरी मनुष्य असावा, एवढें तरी न्यायानें स्वतःच्या अब्रूसाठीं करावें, असें आम्हांस वाटतें.