बत्तीस सेकंद

१२ जून २०२५, अहमदाबाद.

सकाळी ११:१७
दिल्लीहून आलेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उतरतं आणि ३४ नंबरच्या बेवर उभं राहतं. आधीच्या वैमानिकाने शेपटीकडच्या एका सेन्सरची तक्रार नोंदवून ठेवली आहे. तासाभरात ती तपासून विमान पुढच्या फेरीसाठी मोकळं केलं जातं.

११:५५
लंडनला निघालेल्या फेरी क्रमांक १७१ च्या कर्मचाऱ्यांची श्वासचाचणी. दोन्ही वैमानिक मुंबईचे, आदल्या दिवशीच इथे येऊन विश्रांती घेतलेले. कॅप्टन सुमित सभरवाल यांच्या गाठीला पंधरा हजारांवर तासांचं उड्डाण आहे. आज मात्र विमान चालवणार सहवैमानिक क्लाईव्ह कुंदर, कॅप्टन देखरेखीला.

दुपारी १:१८
विमान बे सोडतं. २३० प्रवासी, १२ कर्मचारी, ५४,२०० किलो इंधन. एकूण वजन २,१३,४०१ किलो, मर्यादेच्या आत.

१:३७:३७
दौड सुरू.

१:३८:३३
वेग १५३ नॉट. वैमानिक याला 'व्ही-वन' म्हणतात. इथपर्यंत काही बिघडलं तर ब्रेक लावायचे. यापुढे काहीही होवो, उडायचं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्याचा रेटा कायम ठेवायचा, तिरकं होऊ पाहणारं नाक पायाने रडर दाबून सरळ धरायचं, चाकं आत घ्यायची आणि पुरेशी उंची मिळेपर्यंत कोणत्याही खटक्याला हात लावायचा नाही. सिम्युलेटरमध्ये हा धडा वैमानिकाकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतात. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एकावर चढू शकलंच पाहिजे, त्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही.

तरीही एका इंजिनाने घात होतो. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईच्या सांताक्रूझवरून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलचं उजवं इंजिन फुटलं. दुसरं चालू होतं, विमान परत वळलंही. पण आगीने हायड्रॉलिक यंत्रणा खाल्ली आणि धावपट्टीच्या अलीकडेच ते कोसळलं. ९५ जण गेले. त्या फेरीचा क्रमांकही १७१ होता.

१:३८:३९
चाकं जमीन सोडतात.

१:३८:४२
वेग १८० नॉट. लगेच इंधनाचे दोन्ही खटके, एकामागोमाग एक, सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर जातात. हा खटका कोपर लागून पडणारा नाही. आधी वर उचलायचा, मग सरकवायचा. कॉकपिटमध्ये एक जण दुसऱ्याला विचारतो, इंधन का तोडलंस? दुसरा म्हणतो, मी नाही तोडलं. कोण कोणाला म्हणालं, हे चौकशीचा प्राथमिक अहवाल सांगत नाही. टीव्हीवरच्या मंडळींनी मात्र निकाल लावून टाकला.

थ्रॉटलचे दांडे अजून पुढेच आहेत, उड्डाणाच्या रेट्यावर. पण इंजिनात इंधनच येत नाही. कोणतं इंजिन सांभाळायचं आणि कोणतं सोडायचं, या घोटलेल्या धड्याला इथे जागा उरत नाही.

१:३८:४७
पोटाखालून बाहेर आलेला आपत्कालीन पंखा हायड्रॉलिक दाब पुरवू लागतो. विमानतळाची भिंत ओलांडायच्या आधीच उंची घटू लागली आहे.

१:३८:५२
पहिला खटका पुन्हा 'रन'वर.

१:३८:५६
दुसराही. संगणक आपणहून ठिणगी देतो, दोन्ही इंजिनं पेट घेतात. पण जेट इंजिन म्हणजे किक मारली की धावणारी मोटारसायकल नव्हे; मंदावलेला गाभा पुन्हा वेग धरायला वेळ मागतो. पहिल्याची घसरण थांबते, ते सावरू लागतं. दुसऱ्याचा वेग मात्र पडतच राहतो.

१:३९:०५
'मेडे, मेडे, मेडे.' नियंत्रक विमानाची ओळख विचारतो. उत्तर येत नाही. हद्दीबाहेर विमान कोसळताना त्याला दिसतं.

१:३९:११
रेकॉर्डर थांबतो. खाली बी. जे. मेडिकल कॉलेजची वसतिगृहं, जेवणाची वेळ. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण मरण पावतात. एक प्रवासी वाचतो.

१:४४:४४
अग्निशमन गाडी विमानतळाबाहेर पडते.

ढिगाऱ्यात थ्रॉटलचे दांडे मागे ओढलेले सापडले. रेकॉर्डरच्या नोंदीत ते धडकेपर्यंत पुढेच होते. इंधनाचे दोन्ही खटके 'रन'वर होते.