जर-तरांचें मैदान

ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न शहरीं फुटबॉलचा अंतिम सामना सामान्यतः सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारीं होतो. मग मैदान ओस पडतें. पण बोलणें थांबत नाहीं. ऑक्टोबरांत क्लब आपापल्या खेळाडूंची अदलाबदल करतात, नोव्हेंबरांत नव्या तरुणांची निवड होते, आणि या दिवसांत रसिक लोक जे वाद घालतात त्यांत आगामी हंगामाइतकाच गत काळहि असतो. अमक्यास सोडलें नसतें तर, तमक्याऐवजीं दुसरा घेतला असता तर, या जर-तरांना वीस-वीस वर्षें मरण नाहीं. हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे : खेळांत समता नांदावी म्हणून एका माणसाचें स्वातंत्र्य किती आवळावें?

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू, क्रिकेटचें विस्तीर्ण मैदान, प्रत्येक बाजूस अठरा गडी, आणि हात व पाय या दोहोंस मुभा, असें त्याचें रूप आहे. १८५८ मध्यें टॉम विल्स या क्रिकेटपटूनें हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचें अंग सैल पडूं नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असें वृत्तपत्रांतून सुचविलें. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं नियम लिहून काढले. १८९७ मध्यें व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले. कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड, फिट्झरॉय हीं क्लबांचीं नांवें म्हणजे शहराच्या वस्त्यांचींच नांवें होत. १९१५ पासून शहराची विभागणी होऊन, ज्या विभागांत खेळाडूचें बिऱ्हाड त्या विभागाच्या क्लबाकडूनच त्यानें खेळावें, असा निर्बंध आला. १९३० मध्यें खेळाडूच्या मोबदल्यासहि मर्यादा घातली गेली. निष्ठा घराच्या पत्त्यावरून ठरत होती, आणि ती मोडून जाणें म्हणजे जवळजवळ फितुरी होती.

म्हणूनच १९६४ च्या अखेरीस रॉन बरासी यानें मेलबोर्न क्लब सोडला तेव्हां लोकांस तो घरांतला घाव वाटला. त्याचे वडील त्याच क्लबाचे खेळाडू; ते १९४१ मध्यें टोब्रुकच्या रणांगणावर पडले. त्यांच्या मुलास आपल्याकडे घेतां यावें म्हणून क्लबानें पित्याच्या पाठीमागें पुत्रास त्याच क्लबांत येऊं देणारा नियम पुढें आणला होता. तोच मुलगा, अजिंक्य संघाचा कप्तान, कार्लटनकडे गेला. पुढें मेलबोर्नला ५७ वर्षें अजिंक्यपद मिळालें नाहीं. बरासी गेला म्हणून हें झालें, असें म्हणण्याचा मोह साहजिक आहे. पण १९६५ मध्यें त्या क्लबानें आपला थोर प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यास कांहीं दिवसांसाठीं कां होईना बडतर्फ केलें, हेंहि विसरतां येत नाहीं. एका कारणावर सर्व भार टाकणें सोपें. इतिहासास तें क्वचितच मानवतें.

विभागणीची रीत वरून न्याय्य दिसली तरी फळांत विषम होती. १९६७ ते १९८९ या २३ वर्षांत अजिंक्यपद केवळ पांच क्लबांच्या हातीं फिरत राहिलें. मधल्या काळांतील सौदेहि अजब होते. १९७५ मध्यें रिचमंडनें जॉन पिटुरा या एका खेळाडूसाठीं साउथ मेलबोर्नला तीन गडी दिले. त्यांपैकीं ग्रॅहम टीसडेल यानें दोनच वर्षांनीं सर्वोत्तम खेळाडूचें ब्राउनलो पदक पटकाविलें. पुढें १९८२ मध्यें साउथ मेलबोर्नचा संघ सिडनीस गेला. सिल्व्हिओ फोस्किनी या तरुणास तिकडे जावयाचें नव्हतें. १९८३ मध्यें व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यास अडविणारे नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी निर्बंध होत, असा निर्णय दिला. खेळाडू ही क्लबाची जिंदगी नव्हे, हें न्यायासनानें सांगावें लागलें.

त्यानंतर १९८६ मध्यें नवी वार्षिक निवड आली. तिला तेथें ड्राफ्ट म्हणतात. जो क्लब हंगामाच्या तळाशीं राहील त्यानें सर्वांच्या आधीं निवडावें, हें तिचें मूलतत्त्व. मुंबईस २००८ मध्यें झालेल्या आयपीएलच्या लिलावांत बोली बोलली गेली; येथें बोली नाहीं, केवळ पाळी आहे. परंतु ही पाळीहि देवघेवीची वस्तु झाली, आणि वादाचें खरें पीक तेथूनच उगवलें.

२००१ ची निवड याचें उत्तम उदाहरण होय. तळाशीं असलेल्या फ्रीमँटलनें आपल्या १, २० व ३६ या पाळ्या हॉथॉर्नला देऊन ट्रेंट क्रोड व ल्यूक मॅकफार्लिन हे तयार खेळाडू घेतले. हॉथॉर्ननें पहिल्या पाळीस ल्यूक हॉज व छत्तिसाव्या पाळीस सॅम मिचेल निवडला. १२ वर्षांनीं, २०१३ च्या अंतिम सामन्यांत हेच दोन क्लब समोरासमोर आले. हॉज कप्तान होता, मिचेल त्याच्या सोबतीस होता, आणि हॉथॉर्न १५ गुणांनीं जिंकला. मॅकफार्लिन पराभूत संघांत होता. तरीहि तेवढ्यानें वाद मिटत नाहीं. तिसऱ्या पाळीस वेस्ट कोस्टनें घेतलेल्या ख्रिस जड यानें दोन ब्राउनलो पदकें मिळविलीं. तर मग पहिला मान कोणाचा? आणि दुसऱ्या पाळीस सेंट किल्डाकडे गेलेला ल्यूक बॉल २०१० मध्यें कॉलिंगवुडच्या बाजूनें सेंट किल्डाविरुद्धच अजिंक्य झाला! पानिपतासंबंधीं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जर-तरांची येथें आठवण व्हावी. शेवट ठाऊक असलेला माणूस, शेवट ठाऊक नसलेल्यांस मूर्ख ठरवितो. निवडणारांपुढें अठरा वर्षांचीं पोरें होतीं. आपल्यापुढें त्यांचीं पुरीं झालेलीं आयुष्यें आहेत.

या पश्चात्बुद्धीचा भुर्दंड कोणी तरी भरतो. २००४ मध्यें रिचमंडनें चौथ्या पाळीस रिचर्ड टँब्लिंग निवडला. पाठोपाठ पांचव्या पाळीस हॉथॉर्ननें लान्स फ्रँकलिन घेतला. फ्रँकलिननें पुढें हजारांवर गोल केले, आणि टँब्लिंगचें नांव जणू दुसऱ्याच्या पराक्रमाचें परिशिष्ट झालें. त्यानें क्लब निवडला नव्हता, क्रमांक निवडला नव्हता, शेजारचें नांवहि निवडलें नव्हतें. चूक झालीच असेल तर ती निवडणारांची. पण टोमणे ऐकले निवडला गेलेल्यानें.

असें असूनहि या पद्धतीस केवळ दोष देऊन मोकळें होणें योग्य नाहीं. २००५ मध्यें सिडनीनें ७२ वर्षांनीं, २०१६ मध्यें वेस्टर्न बुलडॉग्ज यांनीं ६२ वर्षांनीं, आणि २०२१ मध्यें खुद्द मेलबोर्ननें अजिंक्यपद मिळविलें. दुबळ्यांच्या दारीं आशा गेली, याचें थोडें तरी श्रेय निवडीच्या या नियमास द्यावें लागेल. उलट, त्याच देशांतील रग्बी लीगचा ड्राफ्ट १९९१ मध्यें न्यायालयानें अवैध ठरविला. फुटबॉलचा ड्राफ्ट टिकला. पण २०१२ पासून दीर्घ सेवा केलेल्या खेळाडूंस क्लब निवडण्याची कांहीं मोकळीक द्यावी लागली. म्हणजे तराजूचीं दोन्ही पारडीं अजून हलतच आहेत. एका पारड्यांत क्लबांची समता आहे, दुसऱ्यांत माणसाचा स्वतःवरील हक्क. रसिकांनीं वाद खुशाल घालावा. तो त्यांचा आनंद आहे आणि एका अर्थीं त्यांचा इतिहासहि. फक्त पाळीचा क्रमांक उच्चारतांना त्या क्रमांकाखालीं एक अठरा वर्षांचा मुलगा उभा होता, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.