भट्टी नसलेले घर : डोव्हर, १९४८

#थ्रेड

१९४८ च्या नाताळच्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या डोव्हर या गावी एक कुटुंब नव्या घरात राहायला आले. पती, पत्नी आणि एक लहान मूल. बाहेर तापमान शून्याखाली जाण्याचे दिवस होते. आणि या घरात ना कोळशाची भट्टी होती, ना तेलाची. धुराडेही नव्हते. हिवाळाभर ऊब पुरवण्याची सारी जबाबदारी सूर्यावर आणि सुमारे २१ टन मिठावर सोपवलेली होती.

हे मीठ स्वयंपाकातले नव्हे. सतराव्या शतकात योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने वेगळे केलेले सोडियम सल्फेटचे स्फटिक ‘ग्लाउबरचे मीठ’ म्हणून ओळखले जातात. दोनअडीचशे वर्षे त्याचा एक प्रमुख उपयोग जुलाबाचे औषध म्हणून होत असे! त्यातून घर ऊबदार करण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्या मारिया टेल्केश.

टेल्केश यांचा जन्म १९०० साली बुडापेस्टमध्ये झाला. भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेला गेल्या आणि १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीच्या सौरऊर्जा प्रकल्पात रुजू झाल्या. महायुद्धाच्या काळात समुद्रात अडकलेल्या सैनिकांसाठी त्यांनी खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे, उन्हावर चालणारे, घडी घालता येण्याजोगे उपकरण तयार केले. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ‘सूर्याची राणी’ म्हणायला सुरुवात केली.

या सौरप्रकल्पाचे प्रमुख होते हॉयट हॉटल. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एमआयटीने १९३९ मध्येच पहिले सौरगृह उभारले होते. छपरावर तापलेले पाणी तळघरातील प्रचंड टाकीत साठवायचे, उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यात वापरायची, अशी त्याची रचना होती. प्रयोग यशस्वी झाला. पण दोन खोल्यांच्या इमारतीखाली एवढी टाकी बांधण्याचा खर्च कोणाही गृहस्थाला परवडणारा नव्हता. सौरगृहाची खरी अडचण तिथेच उघड झाली. ऊन मिळते फुकट, ते साठवायला मात्र जबर पैसा लागतो.

टेल्केश यांचे उत्तर या अडचणीवर नेमके बोट ठेवणारे होते. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की तेल पातळ होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. घन पदार्थ वितळताना भरपूर उष्णता गिळतो आणि पुन्हा गोठताना तीच परत देतो. ग्लाउबरचे मीठ सुमारे ३२ अंश सेल्सियसला वितळते. एक किलो मीठ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी ६० अंशांनी तापते. शिवाय मीठ स्वस्त. म्हणजे तळघरभर टाकीऐवजी खोल्यांच्या मधल्या कप्प्यांत मिठाचे डबे रचून काम भागावे.

हॉटल यांना हे पटत नव्हते. मीठ पुन्हापुन्हा वितळून गोठण्याच्या चक्रात टिकेल याची त्यांना खात्री वाटत नव्हती, आणि दोघांमधील मतभेद तीव्र होते. अखेर डोव्हरचे घर एमआयटीच्या पैशांतून उभे राहिलेच नाही. बॉस्टनच्या धनाढ्य शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांनी आपल्या जमिनीवर, आपल्या खर्चाने ते बांधवले. आराखडा केला एलेनॉर रेमंड या स्थापत्यकार महिलेने. पैसा, आराखडा आणि विज्ञान या तिन्ही बाजू स्त्रियांनी सांभाळलेले असे बांधकाम त्या काळी दुर्मीळच म्हणावे लागेल.

घराचे रूप उन्हाने ठरवले होते. ते लांबट आणि अरुंद होते, जेणेकरून राहत्या खोल्यांना दक्षिणेचे ऊन मिळावे. वरच्या मजल्याची दक्षिणेकडील संपूर्ण भिंत म्हणजे सुमारे ७२० चौरस फूट काच. काचेमागे काळे रंगवलेले धातूचे पत्रे. पत्र्यांमागे तापलेली हवा पंखे खाली ओढत आणि मिठाच्या डब्यांवरून फिरवीत. रात्री मीठ गोठू लागले की डब्यांभोवतीची उबदार हवा खोल्यांत सोडली जाई. आठवड्याहून अधिक काळ आभाळ भरलेले राहिले तरी घर उबदार राहावे, असा हिशेब होता. आत राहायला आलेले कुटुंब टेल्केश यांच्याच नात्यातले होते, हे विशेष. आपल्या गणितावर त्यांनी आपलीच माणसे वसवली होती.

सुरुवातीचे हिवाळे निभावले. घराला मोठी प्रसिद्धी मिळाली. बघ्यांची रीघ लागली. आणि मग मीठ बिघडू लागले.

बिघाडाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ग्लाउबरच्या मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम सल्फेटसोबत पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. स्फटिक वितळला की हे पाणी मोकळे होते. पण सगळे सल्फेट त्यात विरघळून राहू शकत नाही. उरलेली कोरडी भुकटी तळाशी बसते. थंड होताना पाणी वर, भुकटी खाली. दोघांची गाठ पडणे कठीण. मध्ये नव्या स्फटिकांची साय धरली की ती उरलीसुरली वाटही अडवते. दरवेळी थोडे मीठ कामातून जाते. प्रयोगशाळेतील लहान नळीत हा दोष फारसा जाणवत नाही. टनावारी मीठ, शेकडो वेळा वितळले आणि गोठले की मात्र तो जाणवतोच.

दुसरा दोष याहून फसवा. द्रव ३२ अंशांच्या खाली गेला तरी कधीकधी गोठतच नाही, तसाच थंड होत राहतो. म्हणजे उष्णता साठलेली आहे, पण ती बाहेर यायला तयार नाही. यावर टेल्केश यांनी उपाय शोधला होता. मिठात थोडा बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, मिसळला की स्फटिक धरायला आधार मिळतो. १९५२ मध्ये त्यांनी या विषयावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. तळाशी बसणाऱ्या भुकटीवर मात्र त्या वेळी असा सोपा तोडगा नव्हता. भरीस भर म्हणून डबे गंजून गळू लागले. तिसऱ्या हिवाळ्यापासून घर पुरेसे तापेनासे झाले आणि थोड्याच वर्षांत तिथे तेलाची भट्टी बसवावी लागली.

टेल्केश १९५३ मध्ये एमआयटीतून बाहेर पडल्या. हॉटल यांची शंका खरी ठरली होती, हे मान्य करावे लागते. पण एक गोष्ट विसरता येत नाही. माणसे घरात राहायला आली नसती, तर या दोषांची खरी तीव्रता कळायला कितीतरी वर्षे लागली असती. टेल्केश यांनी हा पदार्थ सोडलाही नाही. १९७० च्या दशकात डेलावेअर विद्यापीठाच्या ‘सोलर वन’ या घरासाठी त्या पुन्हा अशाच क्षारांवर काम करीत होत्या.

त्याच काळात कोलोरॅडोत जॉर्ज लोफ या रासायनिक अभियंत्याने वेगळी वाट धरली. १९५७ च्या सुमारास डेन्व्हरमध्ये त्यांनी स्वतःसाठी घर बांधले. छतावर तापलेली हवा घराच्या मध्यभागी उभ्या केलेल्या दोन उंच नळकांड्यांतील खडीतून फिरवायची, एवढीच युक्ती. खडी वितळत नाही, गंजत नाही, तळाशी बसत नाही. आणि लोफ यांनी नेहमीची भट्टीही ठेवली. ऊन गरजेचा काही भागच भागवत असे. दावा लहान होता. त्या घरात ते पुढे कित्येक दशके राहिले.

१९५० च्या दशकात तेल स्वस्त झाले आणि सौरगृहांचा विषय मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो परत आला, आणि या वेळी प्रश्नच उलटा विचारला गेला.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील सरकारला सौरगृह हवे होते. तिथे हिवाळ्यात तापमान उणे ३० च्याही खाली जाते आणि दिवस जेमतेम आठ तासांचा. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की उष्णता मिळवण्याआधी ती जाते कुठून ते पाहावे. १९७७ मध्ये रजायना शहरात उभ्या राहिलेल्या घराच्या भिंती सुमारे फूटभर जाड, आत उष्णतारोधक भरलेल्या होत्या. फटीफटीतून वारा शिरू नये म्हणून प्लॅस्टिकचा अखंड पडदा बसवला गेला. इथे सगळी परीक्षा गवंड्यासुताराची होती. वायरीसाठी पाडलेले प्रत्येक छिद्र बुजवायचे, प्रत्येक सांधा चिकटवायचा. घर इतके बंदिस्त झाले की कोंदटपणा आणि ओल यांचा प्रश्न उभा राहिला. म्हणून बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारे यंत्र बसवावे लागले. सरकारच्या हौसेखातर महागडी सौरयंत्रणाही लावली होती. कटकट तिचीच झाली आणि पुढे ती काढून टाकण्यात आली. भिंती आपले काम करीत राहिल्या.

रजायनाचे हे काम वोल्फगांग फाइस्ट या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने अभ्यासले होते. स्वीडनमधील बू आदामसोन यांच्याशी १९८८ मध्ये झालेल्या चर्चांतून त्यांची कल्पना आकाराला आली, आणि १९९१ मध्ये डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात एका रांगेत चार घरे पूर्ण झाली. पैकी एकात फाइस्ट स्वतः कुटुंबासह राहायला गेले. त्या घरांसाठी लागणाऱ्या दर्जाच्या खिडक्या तेव्हा बाजारात मिळतच नव्हत्या. तीन काचांची तावदाने मिळाली, पण चौकटीतून उष्णता निसटत होती. मग चौकटींवर उष्णतारोधक फोमचे थर हाताने चढवण्यात आले. पुढच्या हिवाळ्यांत मोजमाप झाले, तेव्हा घर उबदार ठेवायला प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे १० युनिट एवढीच ऊर्जा लागत होती. तेलाच्या हिशेबात जेमतेम एक लिटर.