कागदावरचा मोर

स्नेहमेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी आपण सगळे वरच्या हॉलमध्ये मुलांचे चित्रप्रदर्शन पाहायला गेलो, आठवते ना? खिडकीतून नवी पेठेतल्या गर्दीचा आवाज येत होता. पहिल्याच भिंतीवर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, म्हणजे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे होते. चेहरे जमले नव्हते, पण त्या मुलीने चौघांना खांद्याला खांदा लावून उभे केले होते. पुढे गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, गिरणीची चिमणी.

मी थांबले ती आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढलेल्या मोरापाशी. मागून कुणीतरी म्हणाले, "हे काय चित्र? नुसते चौकोन भरलेत."

तो सोलापुरी चादरीवरचा मोर होता. जकार्डच्या मागासाठी नक्षी अशीच काढतात. आडवी ओळ बाण्याची, उभी ताण्याची. प्रत्येक आडव्या ओळीला पुठ्ठ्याचे एक कार्ड. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. कार्डांची माळ फिरत जाते तसा कापडावर मोर उतरतो.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग केला. १८३० च्या दशकात इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने तशीच कार्डे आपल्या गणनयंत्रासाठी योजली. अमेरिकेची १८९० ची जनगणना हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर मोजली, आणि पुढे कित्येक वर्षे संगणकालाही प्रोग्रॅम कार्डांतूनच दिले जात. आपल्याकडे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी आली. गिरण्या थकल्यावर शहर मागांनी पोसले.

आता एक कबुली. माझे बाबा पूर्व भागातल्या एका कारखान्यात हीच कार्डे पंच करायचे. शाळेत मी मात्र "बाबा ऑफिसात आहेत" असे सांगत असे. तुमच्यापैकी अनेकांची पेठेत दुकाने होती, आणि मला बाबांच्या बोटांवरच्या घट्ट्यांची लाज वाटायची. १९९६ ला दहावी झालो तरी ही थाप मी कुणापाशी मोडली नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर संगणकाच्या इतिहासाच्या पहिल्याच धड्यात जकार्डचे चित्र निघाले. पुस्तक घरी आणून बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे तूही कार्डंच पंच करायला शिकतेयस."

मोर काढणारा मुलगा शेजारीच उभा होता. कुठे शिकलास, विचारले. "आजोबा कार्डं करायचे. आता नक्षी कॉम्प्युटरवर करतात, पण त्यांनी मला हाताने शिकवली." सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. मला त्याच्या वयात हे जमले नव्हते.

बाबांनी जपून ठेवलेली काही कार्डे घरी आहेत. पुढच्या प्रदर्शनासाठी ती मी शाळेला देणार आहे. त्या मोराशेजारी टांगा, आणि खाली बाबांचे काम स्पष्ट अक्षरांत लिहा.