खोल एंडोमेट्रिओसिस : वेदनेचे मूळ ऊतींच्या रचनेत

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढू लागते, त्या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रिया व मुलींना तो जडलेला आहे. ही ऊती उदरपोकळीच्या आवरणाखाली ५ मिलिमीटरहून अधिक शिरल्यास रूढ व्याख्येनुसार त्यास खोल एंडोमेट्रिओसिस म्हटले जाते. गर्भाशयास मागून आधार देणारे अस्थिबंध, योनी व मलाशय यांमधील पडदा, मोठे आतडे आणि मूत्राशय येथे तो प्रामुख्याने आढळतो.

‘अस्तरासारखी ऊती’ हे वर्णन मात्र या खोल गाठींना पुरेसे लागू पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत ग्रंथी थोड्या, तर तंतुमय ऊती आणि अनैच्छिक स्नायू अधिक दिसतात.

पेशी संप्रेरकांचा संदेश ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांमार्फत स्वीकारतात. या विकारातील आधारपेशींत इस्ट्रोजेनच्या ‘बीटा’ ग्राहींचे प्रमाण नेहमीच्या अस्तरापेक्षा वाढलेले असते. प्रोजेस्टेरॉनचे ग्राही, विशेषतः ‘बी’ प्रकारचे, घटलेले असतात. शिवाय अ‍ॅरोमाटेज हे विकर तेथेच इस्ट्रोजेन तयार करते. थोडक्यात, वाढीचा हुकूम जागेवरच सुटतो आणि तो आवरणारा संदेश ऐकणारे कमी पडतात. डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनी अनेकींची वेदना कमी होते, पण काहींना पुरेसा गुण येत नाही, त्याचे हे एक कारण मानले जाते. साचलेली तंतुमय ऊती तर औषधाने विरघळत नाही.

वेदनेचा उलगडा मज्जातंतूंत होतो. गाठीतून स्रवणारा मज्जातंतू-वृद्धी घटक नव्या तंतूंना आकर्षित करतो आणि रक्तवाहिनी-वृद्धी घटकामुळे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटतात. आतड्यावरील गाठींत मज्जातंतूंची दाटी विशेष आढळते. दाहकारक द्रव्ये त्यांना अधिक हळवे करतात. पाळीत, शरीरसंबंधाच्या वेळी किंवा शौचास बसताना उठणारी कळ यातून येते. गाठ केवढी आहे यावरून वेदना किती असेल, हे ठरवता येत नाही.

‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते. अनुभवी तज्ज्ञाने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांत खोल गाठी दिसू शकतात. निदानासाठी प्रत्येकीवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आवश्यक नाही, अशी भूमिका युरोपीय तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घेण्यात आली आहे. तपासणीत काही न दिसल्यास विकार नाहीच, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.