अपुरी पोथी

घरातील कर्ते माणूस गेले की त्याच्या वस्तू मागे राहतात. काही आपण जपून ठेवतो, काही दृष्टीआड करतो. 1919 च्या मे महिन्यात कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक मुंबईस निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे एक अपुरी पोथी राहिली. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे ते महाकाव्य. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते.

ही पोथी पुरी कोणी करावी? लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. अक्षरओळख झाली ती पतीकडून, आणि जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे जमले नाही. असे असता त्यांनीच लेखणी उचलली आणि साठांहून अधिक अध्याय रचून ते काव्य तडीस नेले.

वियोग हा त्यांना नवा नव्हता. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा पती जिवंत असूनही सुमारे पाच वर्षे त्यांना दूर राहावे लागले. पुढे त्या परतल्या त्याही आपली चूल निराळी मांडूनच. सोवळ्याची गाठ हळूहळू, आतून सुटत गेली आणि 1900 साली त्यांनीही ख्रिस्तधर्म स्वीकारला. अनाथ मुले त्यांनी आपल्या घरात आपलीशी करून वाढविली. ज्या दु:खाने माणूस आकसावा, त्यानेच त्यांचे घर रुंद केले.

पतिनिधनानंतरही तेच घडले. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी लक्ष्मीबाई आठवणी सांगू-लिहू लागल्या आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. वाचक पाहतो तो काय, शोकग्रंथ म्हणून हाती घेतलेले पुस्तक त्याला पानोपानी हसविते आहे! वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तापट आणि तितकाच उदार स्वभाव, स्वत:ची फजिती, काहीच त्यांनी झाकले नाही. पतीला त्यांनी देव्हाऱ्यात बसविले नाही. म्हणूनच ते आजही आपल्याला जिवंत भेटतात.

आम्हा कॅथॉलिकांचा पंथ टिळकांहून निराळा. परंतु गोमंतकातील रायतूर येथे 1616 साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी तीनशे वर्षांनी एका विधवेच्या हातून पुन्हा वाहती झाली, हे पाहून पंथाची भिंत मला ठेंगणी वाटू लागते.

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना एखादे मूल खाली मान घालून बसलेले दिसते. घरी नुकतेच कोणी गेलेले असते. ‘रडू नकोस’ असे मी त्याला सांगत नाही. ‘गेलेल्या माणसाची एक आठवण लिहून आण, चुका झाल्या तरी चालतील,’ एवढेच सांगतो. दुसऱ्या दिवशी कागद येतो. अक्षर वाकडे असते, पण मान थोडी वर आलेली असते. कधी तो कागद वर्गात वाचला जातो, आणि दुसऱ्या बाकावरचे एखादे मूल आपणहून वही उघडते.

लक्ष्मीबाई 1936 साली निवर्तल्या. दु:ख विसरून जाण्याची विद्या त्यांनी शिकविली नाही. अपुरे राहिलेले काम आपल्या हाताने पुढे न्यावे आणि झालेले सर्वांच्या ओंजळीत घालावे, हा त्यांच्या लेखणीचा धडा आहे. प्रत्येक घरात अशी एखादी अपुरी पोथी असते. ती उघडावयाची की बासनात बांधून ठेवावयाची, एवढेच आपल्या हाती असते.