स्क्रॅपी

मेंढ्यांच्या व क्वचित शेळ्यांच्या तंत्रिका तंत्राचा (मज्जासंस्थेचा) सावकाश वाढणारा प्राणघातक रोग. तीव्र खाजेमुळे मेंढी कुंपणाला अंग घासते, लोकर झडते, तोल जातो व अखेर मृत्यू येतो. मेंदूत स्पंजासारखी छिद्रे पडतात. इंग्लंडमध्ये हा रोग १७३२ पासून ज्ञात आहे.

ठराविक वंशावळींतच आढळत असल्याने हा रोग दीर्घकाळ आनुवंशिक मानला गेला. झां क्विये व पॉल-लुई शेल या फ्रेंच पशुवैद्यांनी १९३६ मध्ये रोगी मेंढीच्या तंत्रिका ऊतकाचे द्रव्य निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यांत टोचून तो संक्रामक असल्याचे दाखविले. स्कॉटलंडमध्ये १९३५ मध्ये ‘लूपिंग इल’ या अन्य रोगावरील लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनविली होती. तीत फॉर्मॅलीन असूनही तिच्यावाटे स्क्रॅपी पसरला. तरीही नैसर्गिक रीत्या तो अप्रभावी जीनामुळेच (आनुवंशिक एककामुळेच) होतो, असे मत एच. बी. पॅरी यांनी १९६२ मध्ये मांडले. हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. रोग निव्वळ आनुवंशिक असेल, तर निवड-पैदास पुरेशी ठरते. तसे नसेल, तर गोठा व कुरणही दूषित राहते.

स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये रोगकारकास ‘प्रिऑन’ (संक्रामक प्रथिन) ही संज्ञा दिली. शरीरातील मूळच्या प्रथिनाची घडी बिघडून हे रूप तयार होते. या प्रथिनात १३६ व्या स्थानी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल असलेल्या मेंढ्या सहज बळी पडतात, तर १७१ व्या स्थानी आर्जिनीन असलेल्या बहुधा प्रतिकारक्षम असतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे १९५२ मध्ये आयात मेंढ्यांबरोबर आलेला रोग बाधित कळपांची कत्तल करून निपटण्यात आला. तेथे रोगप्रवण जीन असलेल्या मेंढ्या आजही आहेत. पण रोग नाही. उलट आइसलँडमध्ये कळप नष्ट करून नवी जनावरे आणल्यावरही काही ठिकाणी रोग उद्‌भवला व एका गोठ्यात संसर्ग किमान सोळा वर्षे टिकल्याचे आढळले. विताना पडणाऱ्या वारेतून रोगकारक परिसरात पसरतो. यावरून जीन रोगप्रवणता ठरवितो, रोग मात्र संसर्गानेच होतो, हे स्पष्ट झाले.

भारतात आय. झ्लॉटनिक व आर. डी. कटियार यांनी १९६१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या दुर्गम भागातील मेंढ्यांत या रोगाची नोंद केली. महाराष्ट्रात दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन धनगर समाज चाऱ्यासाठी गावोगाव फिरतो. अशा कळपांत रोग शिरल्यास दूषित कुरणे निश्चित करणे कठीण होईल. म्हणून संकरासाठी मेंढे आयात करताना त्यांच्या जीनांइतकाच मूळ कळपाचा रोगेतिहास तपासणे आवश्यक ठरते.